खचलेला रूळ

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा आगगाडी होती का, असं मात्र विचारू नका. गोष्टीत होती, एवढं पुरे.

एका राजाने आपल्या राज्यात नवी रेल्वे बांधली. तिची हुबेहूब छोटी प्रतिकृती दरबारात मांडावी, असं त्याच्या मनात आलं. हे काम त्याने भिवराबाईला सांगितलं. भिवराबाई लाकडी खेळणी करायची. वयाने म्हातारी, पण जीभ अजून तरणीताठी.

तिची रीत निराळी होती. आधी ती खऱ्या रुळांच्या कडेने चालत जायची, वाकून बघायची, हात लावून बघायची. मग घरी येऊन बाभळीच्या काड्या तासून स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, करायची, एकेक चिकटवायची, त्यांवर तारेचे रूळ ठेवून बारीक खिळ्यांनी ठोकायची आणि मधे चाळलेली खडी पसरायची. तिकडचा स्लीपर चिरलेला असेल, तर इकडच्यालाही ती नखाने चीर पाडायची.

असंच चालता चालता नदीकाठी ती थबकली. पुराने भराव धुऊन नेला होता आणि नदीकडचा रूळ खाली बसला होता. उत्सवाच्या दिवशी याच रुळावरून माणसांनी भरलेली पहिली गाडी जायची होती. इंजिन चालवणार होता तिचाच लेक. घरी येऊन तिने छोटा रूळही तिथे तसाच खचवला.

रेल्वेचं काम प्रधानाने करवून घेतलं होतं. तो प्रतिकृती बघायला आला आणि त्याची नजर नेमकी तिथेच अडली.

"हे काय गं म्हातारे? सरळ कर."

"तिकडं सरळ करा, प्रधानजी. मग इथं करते."

"एवढं बारीक कोण बघतंय?"

"मी बघतेय की!"

"राज्याबाहेर हाकलून देईन."

"द्या. रूळ तर खचलेलाच राहील."

प्रधानाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रतिकृती दरबारात पोचल्यावर त्याने तेवढा तुकडा गुपचूप उपटला, कोपऱ्यात भिरकावला आणि त्या जागी पत्र्याचा सरळ, गुळगुळीत रूळ बसवला.

उत्सवाच्या सकाळी दरबार भरला. चावीचं इंजिन नदीकाठावरून झोकात निघून गेलं. टाळ्या कडाडल्या. राजाने खूश होऊन भिवराबाईपुढे शाल धरली.

तिने शालीला हातसुद्धा लावला नाही.

"महाराज, हे काम माझं नाही. असला खोटा रूळ मी जन्मात ठोकला नाही."

आल्या आल्याच तिला कोपऱ्यात आपला तुकडा दिसला होता आणि तिने तो उचलून घेतला होता. तो तिने पदराखालून काढला. सगळ्यांदेखत पत्रा उचकटला आणि तुकडा जागेवर बसवला.

"आता सोडा गाडी!"

इंजिन नदीकाठी आलं, कललं आणि रंगवलेल्या पाण्यात आडवं झालं.

"हिने मुद्दाम वाकडं केलंय!" प्रधान ओरडला. "नदीकाठचा रूळ ठणठणीत आहे, महाराज!"

"मग झालं तर," भिवराबाई म्हणाली. "आजच्या गाडीत पहिल्या डब्यात तुम्हीच बसा, प्रधानजी. बायकामुलांना घेऊन बसा. इंजिनावर माझा लेक आहेच."

राजा प्रधानाकडे वळला. "बसता?"

प्रधानाने समोर बसलेल्या आपल्या मुलांकडे पाहिलं. "महाराज, आज जरा... तब्येत..."

राजा काय समजायचं ते समजला. गाडी जागीच थांबवली गेली. प्रधानाचं पद गेलं आणि भराव पुरा होईपर्यंत डोक्यावरून खडी वाहण्याची शिक्षा झाली. भिवराबाई काठावर उभी राहून म्हणायची, "आणखी एक घमेलं येऊ द्या, प्रधानजी!"

खरा रूळ सरळ झाला. ती त्यावरून स्वतः चालत गेली आणि मगच घरी येऊन तिने छोट्या रुळाला हात घातला.

तात्पर्य: जिथे आपली मुलं बसवायला आपण धजत नाही, तिथे दुसऱ्यांची बसवू नयेत, आणि कुणी बसवत असेल, तर भर दरबारात त्याला अडवावं.