मिटवलेले डोळे

फार फार पूर्वीची गोष्ट. राजे तेव्हाही हट्टीच असत. त्यातल्या एका राजाला भारी अभिमान, की आपण कधी रडलो नाही आणि कुणापुढे डगमगलो नाही. देवळात गेला तरी नुसती मान हलवायचा.

या राजाने देवीचं नवं देऊळ बांधलं आणि मूर्ती घडवायला एका म्हाताऱ्या पाथरवटाला बोलावलं. मूर्ती घडली, फक्त डोळे उरले. डोळे सगळ्यात शेवटी उघडायचे आणि त्या वेळी मूर्तीसमोर आरसा धरायचा, अशी तिथली रीत होती. देवीची पहिली नजर माणसाला सोसत नाही, ती आरशानेच झेलावी, असं जुनी माणसं सांगत.

राजाला हसू आलं. दगडाच्या नजरेला काय भ्यायचं? त्याने आरसा बाजूला ठेवायला लावला आणि सगळ्या दरबारादेखत स्वतः मूर्तीपुढे उभा राहिला. पाथरवटाने परोपरीने विनवलं, पण ऐकतो कोण!

छिन्नीचा शेवटचा घाव बसला, म्हातारा बाजूला झाला आणि देवीने राजाकडे पाहिलं. त्या डोळ्यांत इतकी माया होती, की राजाला उभं राहवेना. तो गुडघ्यांवर कोसळला. लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. शेजारी राणीही रडत होती. दरबारातलं कुणी हसलं नाही. हसायचं भान होतं कुणाला?

पण वाड्यावर परतल्यावर राजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांसमोर आपण पडलो, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत राहिलं. दुसऱ्याच दिवशी त्याने पाथरवटाला हुकूम केला, की ते डोळे तासून सपाट कर.

पाथरवटाने हात जोडले. "महाराज, काल माझेही पाय लटपटले. इतकं सुंदर काही पाहून माणूस पडला, तर त्यात कसली आलीय लाज?"

"राजा पडत नसतो," राजा म्हणाला.

म्हाताऱ्याने हुकूम पाळला. मग छिन्नी देवळाच्या पायरीवर ठेवली आणि तो निघून गेला. पुन्हा त्याने दगडाला हात लावला नाही.

बरीच वर्षं गेली. राजाची एकुलती एक लेक तापाने दगावली. राणीने आकांत केला. राजाला मात्र रडू फुटेना. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं, घास गिळवेना, झोप लागेना. वैद्यांनी सांगितलं, की महाराज एकदा रडले नाहीत तर काही खरं नाही.

तेव्हा राजाला ते डोळे आठवले. तो देवळात धावत गेला, मूर्तीपुढे आपणहून गुडघे टेकले आणि वर पाहिलं. वर सपाट दगड होता.

मग पाथरवटाला शोधून आणलं. राजाने त्याचे हात धरले. "बाबा, ते डोळे पुन्हा उघड. मला एकदा पडू दे."

म्हाताऱ्याला त्याची फार कीव आली. त्याने मूर्तीच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवली आणि हात मागे घेतला.

"महाराज, उंचवटा सगळा तासला गेला, डोळे कोरायला तिथे आता दगडच उरला नाही. आणि तेव्हाचा मीही उरलो नाही."

राजा तिथेच बसून राहिला. थोड्याच दिवसांत तो गेला. राणीने त्याचे डोळे मिटले, तेव्हा ते कोरडेच होते.

तात्पर्य: सौंदर्यापुढे कोसळण्यात कमीपणा नाही. त्या लाजेपायी जो ते सौंदर्यच मोडून टाकतो, त्याला स्वतःच्या दुःखात रडायलाही जागा उरत नाही.