कोतवालाची फांदी

जंगल संपून जिथे माळ सुरू होतो, तिथल्या बोरीबाभळींच्या सावलीत सातभाईंचा एक थवा राहत असे. बाळांनो, नाव सातभाई असलं तरी त्यात आत्या, मावश्या, काका, भाचरं असा सगळा गोतावळा असतो. मातकट रंगाचे हे पक्षी पाचोळा उकरत हिंडतात आणि दिवसभर इतका कलकलाट करतात की शेजारीपाजारी वैतागून जातात. पण त्यांची एक रीत फार जुनी आहे. किडा सापडला की पहिला घास शेजारी बसलेल्याला द्यायचा, आणि कसलाही आवाज आला की सगळ्यांना विचारायचं, कोण आलं, कुठून आलं.

या थव्यात एक लहानगी पोर होती. मागच्या हिवाळ्यात शिक्रा नावाच्या शिकारी पक्ष्याने झडप घालून तिच्या धाकट्या आत्याला तिच्या डोळ्यांदेखत उचलून नेलं होतं. झाडावरच्या खारीने आधीच इशारा दिला होता, पण तो इशारा आहे हे जमिनीवर कुणाला कळलंच नाही. जंगलात ज्याची त्याची धोक्याची हाक वेगळी, आणि त्या सगळ्या हाका ओळखणारा एकच, उंच सावरीच्या झाडावर राहणारा काळाकुळकुळीत कोतवाल पक्षी. तो दरवर्षी एकाच पिलाला आपल्या फांदीवर शिकायला घेई. पोरीने मनाशी ठरवलं की ती जागा आपण मिळवायची, म्हणजे आपल्यातलं कुणी पुन्हा असं जायचं नाही.

परीक्षेला तीन पिलं आली. पोपटाच्या घरी उंबरांची रास होती, आणि बापाने उंबरं पोचवून पोपटाला मैनेकडे शिकवणी लावली होती. बुलबुलाच्या मावशीचं घरटं कोतवालाच्या घरट्याला लागूनच होतं, त्यामुळे बुलबुल तर कोतवालाच्या नजरेसमोरच वाढला होता. सातभाईंची पोर मात्र सावरीवर पहिल्यांदाच येत होती. ती चक्क कोतवालाकडे पाठ करून बसली, कारण थव्यात पाठीला पाठ लावून चारी दिशांना नजर ठेवायची तिला सवय. कोतवालाने प्रत्येकापुढे एक नाकतोडा ठेवला. तिने आपला नाकतोडा उचलला आणि बुलबुलाच्या चोचीत दिला. पोपट फिसकन हसला. मग कोतवालाने एक हाक काढून ती कुणाची असं विचारलं, तर पोरीने बुलबुलाला विचारलं, पोपटाला विचारलं, आणि खाली झुडपात बसलेल्या थोरल्या आत्यालाही ओरडून विचारलं.

“इथे विचारायचं नसतं,” कोतवाल म्हणाला. “बसायचं कसं, खायचं कसं एवढंही जिला ठाऊक नाही, ती पुढे काय शिकणार? खाण तशी माती.”

बुलबुलाची निवड झाली. पोपटाचा बाप ‘वशिल्याचं तट्टू’ म्हणत फणफणत निघून गेला, जसं काही त्याने मैनेला वाटलेली उंबरं धर्मार्थच होती. पोर बाभळीखाली येऊन पंखात तोंड लपवून बसली. त्या दिवशी सातभाईंच्या घरात कलकलाट झाला नाही, तेव्हा शेजाऱ्यांनाही चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. शेवटी थोरल्या आत्याने तिला खोदून खोदून विचारलं.

“पोपटाकडे उंबरं आहेत, बुलबुलाकडे ओळख आहे,” पोर म्हणाली. “दोघांना सगळं घरीच कळतं. आपल्याकडे काय आहे, आत्या?”

आत्या तिचे विस्कटलेले पंख साफ करू लागली. मग म्हणाली, “आपल्याकडे पुष्कळ कान आहेत, पोरी.”

दुसऱ्या दिवसापासून थवा कामाला लागला. एक काका तांबट पक्ष्याच्या उंबराखाली पाचोळा उकरू लागला, दुसरा मोरांच्या वाटेवर. एक मावशी खारीच्या झाडाखाली ठाण मांडून बसली, आत्या तर म्हातारपणी वानरांच्या आमराईपर्यंत जाऊ लागली. प्रत्येकाने एकेक हाक ऐकायची, घोकायची आणि घरी आणायची. दुपारी धुळीत अंघोळ करायला सगळे जमले की जो तो आपली हाक पोरीला म्हणून दाखवी. काकाचा मोर तर असा काही निघे की हसता हसता सगळ्यांच्या नाकात धूळ जाई. पण थेंबे थेंबे तळे साचते. पावसाळा सरता सरता पोरीच्या कानात अख्खं जंगल वस्तीला आलं होतं.

फक्त फांदीवरचं वागणं काही कुणाला शिकवता येईना, कारण थव्यातलं कुणी फांदीवर कधी गेलंच नव्हतं. आणि एके दिवशी स्वतः बुलबुलच खाली उतरला.

“तुझा नाकतोडा मी खाल्ला होता,” तो मान खाली घालून म्हणाला. “आजवर माझ्यासाठी कुणी आपला घास सोडला नव्हता. गुरुजींपुढे कसं बसायचं ते मला मावशीने सांगितलं होतं. ते मी तुला सांगतो.”

फांदीवर उजवीकडून यायचं, तोंड गुरुजींकडे करायचं, शेपूट मिटायची, प्रश्न संपेपर्यंत चोच उघडायची नाही. एवढंसंच होतं ते सगळं. पोरीला हसूही आलं आणि रागही आला. एवढ्याशासाठी तिचं एक वर्ष गेलं होतं.

पुढच्या परीक्षेला ती उजवीकडून आली, नीट बसली. कोतवालाने नाकतोडा पुढे ठेवला. तिने तो उचलून शेजारच्या होल्याच्या पिलापुढे ठेवला आणि शांतपणे म्हणाली, “गुरुजी, आमच्यात पहिला घास शेजाऱ्याला देतात. मी चुकून नाही, ठरवून दिला आहे.” मग कोतवाल एकेक हाक काढत गेला आणि ती एकेक नाव सांगत गेली. मोर, तांबट, खार, वानर, एकही हाक चुकली नाही.

“गेल्या वर्षी आलेली ती तूच ना?” कोतवालाने विचारलं. “तेव्हा ही पुढे काय शिकणार, असं मी म्हणालो होतो. मग मी तेव्हा नेमकं काय तपासलं?”

“तुम्ही माझं घर तपासलंत, गुरुजी,” पोर म्हणाली. “मला तपासायचं राहून गेलं.”

कोतवाल कडक होता, पण खोटा नव्हता. त्याने बाजूला सरकून तिला आपल्या फांदीवर जागा दिली. त्या वर्षापासून परीक्षेआधी तो सर्वांत खालच्या फांदीवर येऊन बसू लागला. फांदीवर कसं यायचं, कसं बसायचं हे तो मोठ्याने सगळ्यांना सांगे, आणि ज्याला कळलं नसेल त्याने विचारावं, असंही म्हणे.

थंडीत शिक्रा पुन्हा आला. खार चिटचिटली मात्र, तोच सावरीवरून सातभाईंच्या पोरीचा आवाज घुमला. तिने खारीची हाक घेतली आणि ती मोराला मोराच्या बोलीत दिली, होल्याला होल्याच्या, पोपटाला पोपटाच्या. शेवटी आपल्या थव्याला आपल्या घरच्या कलकलाटात दिली. बघता बघता सगळा माळ रिकामा झाला. शिक्रा खाली झेपावला, त्याच्या नख्यांत वाळका पाचोळा आला, आणि तो तसाच आल्या वाटेने निघून गेला.

मग बोरीबाभळींतून असा काही जल्लोष उठला की त्या दिवशी कुणी शेजारी वैतागला नाही, उलट सगळे त्यात सामील झाले. पोर खाली उतरली तेव्हा आत्या रडत होती. “आज माझी धाकटी बहीण हवी होती,” ती म्हणाली, आणि सापडलेला पहिला किडा तिने पोरीच्या चोचीत घातला. पोरीने तो बुलबुलाला दिला.

तात्पर्य : कुणी धनाच्या जोरावर पुढे जातो, कुणी ओळखीच्या, तर कुणी घरच्या वळणाच्या. ज्याच्यापाशी यातलं काहीच नाही त्याला मंद म्हणू नये. त्याला वाट सांगावी, त्याच्यामागे सर्वांनी उभं राहावं, म्हणजे तो एकटा वर चढत नाही, सगळ्यांना तारून नेतो.