सोमवारच्या विचारणीचा वसा

ऐका विचारणीमाते, तुझी कहाणी.

आटपाट नगर होतं. नगराला नदी होती, नदीवर पूल होता. पुलाच्या अलीकडे घरं होती, पलीकडे कारखाने होते. अलीकडच्या एका घरात निशिगंधा नावाची मुलगी होती. तिनं डिप्लोमा शेवटच्या वर्षाला सोडला होता. का सोडला, ते घरात कुणी विचारलं नाही. ओरडायला मात्र सगळे पुढे.

घरात तीन मोठी माणसं होती. एक नाना, तिचे आजोबा. त्यांनी जन्मात एकच नोकरी केली, तीही सासऱ्यानं चिकटवलेली. पण नोकरी कशी मिळवावी, हे सांगायला तेच. दुसरे भाऊ, तिचे वडील. नानांचं जे मत, तेच ते जरा मोठ्यानं बोलत. तिसरी बायोआत्या. तिला सगळं माहीत होतं, आणि जे माहीत नव्हतं ते जास्त खात्रीनं माहीत होतं. चौथी आई होती. तिला कुणी काही विचारतच नसे.

एके दिवशी काय झालं? नाना म्हणाले, "कॉलेज सोडलंस, आमचं नाक कापलंस. आता दिवाळीच्या पाडव्यापर्यंत नोकरी दाखव. नाही तर आम्ही दाखवू त्या पाटावर मुकाट बसायचं, अक्षता पडेपर्यंत मान वर करायची नाही."

निशिगंधा म्हणाली, "दाखवते."

मग तिनं ज्येष्ठात पंपाच्या कारखान्याला अर्ज केला. अर्ज मोबाइलवरून गेला, मोबाइलवरच शब्द उमटला. शब्द होता 'विचाराधीन'.

नाना म्हणाले, "बघा, विचार करताहेत. पोरगी पसंत आहे." भाऊ म्हणाले, "पसंतच आहे." बायोआत्या म्हणाली, "आता दुसरीकडे अर्ज करशील तर खबरदार. एका घरी पत्रिका दिली, की त्यांचं हो-नाही कळेस्तोवर दुसऱ्या घरी देत नाहीत. आणि मुलीकडच्यांनी पुन्हा विचारायला जायचं नसतं. हलकेपणा दिसतो."

"आत्या, ही नोकरी आहे. सोयरीक नाही."

"रीत ती रीत," आत्या म्हणाली. पंपाच्या कारखान्याला जशी काही हिची कुंडली लागणार होती!

मग निशिगंधा बसली. आषाढ गेला, शब्द तोच. श्रावण लागला, शब्द तोच. श्रावण सरत आला, शब्द तोच. उठता बसता मोबाइल उघडावा, तोच शब्द वाचावा, आणि मोबाइल मिटावा. जेवण जाईना, झोप लागेना. पाडवा जवळ येऊ लागला.

मग एका सोमवारी तिच्या डोक्यात तिडीक गेली. चपला घातल्या, पूल ओलांडला, कारखान्यांच्या फाटकाशी आली. तिथं करंजाचं झाड होतं, झाडाखाली चहाची टपरी होती, टपरीमागं ओढा होता. टपरीशी पोरींचा घोळका होता. पोरींनी करंजाच्या पानांवर पेनानं काही लिहिलं होतं. कुणी पान ओढ्यात सोडी, कुणी पान पर्समध्ये ठेवी, कुणी फोन कानाला लावून फाटकाकडे चालू लागे.

निशिगंधा म्हणाली, "बायांनो, बायांनो, हा कसला वसा वसता? मलाही सांगा."

त्यांत मेहरून नावाची मुलगी होती, तोंडानं फटकळ, चहात खारी बुडवून खात होती. ती म्हणाली, "तुला कशाला? उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील. त्यातून घरचे म्हणतील बस, की खाली बसशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही. घरच्यांचं मी बघते."

"मग ऐक," मेहरून म्हणाली. "कचेऱ्या सोमवारी उघडतात, म्हणून सोमवारी हा वसा घ्यावा. सकाळी न्हावं, पोटभर खावं. एका दारी अर्ज टाकावा, मग दुसऱ्या दारी टाकावा, मग तिसऱ्या दारी टाकावा. एका दाराच्या भरवशावर राहू नये. प्रत्येक दाराचं नाव करंजाच्या पानावर लिहावं. मोबाइलमधला शब्द सोमवारीच बघावा, रोज उगाळू नये. शब्द सांगतो तेवढंच घ्यावं, पदरचं घालू नये. सांगितलेली तारीख उलटली, की आपण होऊन विचारावं. ताठ मानेनं विचारावं, रडू नये, पाया पडू नये. 'नाही' आलं, की पान पाण्यात सोडावं, हात धुवावे आणि नवं पान तोडावं."

"आणि 'विचाराधीन' म्हणजे काय गं?"

पोरी हसल्या. मेहरून म्हणाली, "म्हणजे अर्ज पोचला. बास. कुणी वाचला, असंही त्यात नाही. 'निवड यादीत' आलं, तर गर्दीतून रांगेत आलीस. रांग अजून आहेच. हातात नेमणुकीचा कागद आणि कागदावर रुजू व्हायचा दिवस, तेव्हाच पेढे."

"आणि सरळ 'नाही' आलं तर?"

"तर त्यांचं भलं होवो. तेवढे तरी तोंडानं बोलले."

मग निशिगंधेनं करंजाची पानं तोडली. घरी सांगितलं नाही, औषधाच्या गोदामाला अर्ज केला, बिस्किटाच्या कारखान्याला अर्ज केला. एका सोमवारी औषधाच्या गोदामाचा शब्द बदलला. आला 'निवड यादीत'. भाऊंनी तो खांद्यावरून वाचला. आधी ओरडले, "दुसरीकडे अर्ज केलासच ना!" मग पुन्हा वाचला आणि नानांना हाक मारली. नानांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "झालं! माझ्या धाकानं झालं." बायोआत्यानं पेढे आणले आणि गल्लीभर वाटले. शेजारणींना म्हणाली, "आमच्या निशीला गोदामानं मागणी घातली."

निशिगंधेला मेहरूनचं बोलणं आठवलं. पण गल्ली कौतुक करत होती, आणि पेढा गोड होता. कॉलेज सोडल्यापासून घरात तिच्याशी कुणी इतकं गोड बोललं नव्हतं. मग ती उतली. मग ती मातली. मग तिनं घेतला वसा टाकून दिला. सोमवार आला, तिनं शब्द बघितला नाही. सोमवार आला, तिनं पान तोडलं नाही. सोमवार आला, ती गोदामात मुलाखत देऊन आली, पण उत्तर कधी येणार, तेही विचारलं नाही. विचारून नाट लागेल, म्हणाली आत्या.

मग काय झालं? घटस्थापनेच्या दिवशी गोदामाचा शब्द आला. 'या वेळी निवड झालेली नाही.'

वाटलेले पेढे काही परत येईनात. शेजारणी विचारू लागल्या, "काय गं, गोदामात कधीपासून जायचं?" नाना म्हणाले, "अर्धवट शिकलेल्यांचं असंच." भाऊ म्हणाले, "असंच." बायोआत्या म्हणाली, "दोन-तीन ठिकाणी पत्रिका फिरवली की असंच होतं." मग तिघांनी मिळून दसऱ्याला तिची खरीखुरी पत्रिका आणि फोटो एका घरी पाठवला. मुलगा साखर कारखान्यात कारकून होता. आत्या म्हणाली, "आता त्यांचं उत्तर येईस्तोवर गप्प बसायचं."

निशिगंधा मोरीत गेली, दार लावलं, नळ सोडला आणि रडून घेतलं. बाहेर आली तर आई उभी होती. आई हळूच म्हणाली, "निशे, तू तिकडं पलीकडं काहीतरी करत होतीस. पानं आणायचीस. ते का सोडलंस?"

त्या घरात तिला कुणी काही विचारलं, ते हे पहिलं.

मग निशिगंधा शुद्धीवर आली. सोमवारी न्हाली, पोटभर जेवली, आणि मोबाइल उघडला. पंपाचा शब्द तोच. पण बिस्किटाचा शब्द बदललेला होता. तिथं होतं 'कागदपत्रांची प्रतीक्षा'. बदलून कितीतरी दिवस झाले होते.

ती म्हणाली, "भाऊ, मी बघत नव्हते तेव्हा माझा मोबाइल तुम्ही उघडायचात. हे बघितलं होतंत?"

भाऊ म्हणाले, "बघितलं होतं की. प्रतीक्षा म्हणजे वाट बघणं. नाना म्हणाले, वाट बघा. आम्ही बघत होतो."

"अहो, वाट ते बघताहेत! माझी! माझ्या पास झालेल्या वर्षांच्या कागदाची!"

तिकडे कारखाना तिची वाट बघत होता, इकडे घर कारखान्याची वाट बघत होतं. दोन्हीकडे सगळे अगदी रीतसर बसले होते.

मग निशिगंधेनं कपाट उघडलं, कागद घेतले, पिशवीत घातले. बायोआत्या दारात आडवी झाली. "मुलीनं आपण होऊन जायचं नसतं!" निशिगंधा म्हणाली, "आत्या, बाजूला व्हा. नाही तर तुम्हालाही घेऊन जाईन, आणि तिथं सगळं तुम्हालाच विचारायला लावीन." आत्या बाजूला झाली.

मग ती निघाली. आधी पंपाच्या कारखान्यात गेली, ताठ मानेनं विचारलं. तिथला कारकून म्हणाला, "ती जागा? ती आषाढातच भरली. शब्द बदलायचा राहिला असेल. तुम्ही विचारलं नाही, आम्हाला वाटलं तुम्हाला कळलं." ती भांडली नाही. "आता तो शब्द तेवढा काढा. आणखी पोरी बसल्या असतील," म्हणाली. ओढ्याशी आली, पान सोडलं, हात धुतले.

मग बिस्किटाच्या कारखान्यात गेली. तिथं नेमणुका बघणाऱ्या भुसारी बाई होत्या. त्या म्हणाल्या, "आज शेवटचा दिवस होता. संध्याकाळी तुझा अर्ज बंद होणार होता. आलीच आहेस तर बस." मग मुलाखत झाली. माल रवाना करण्याच्या खात्यात माणूस हवं होतं. कुठली गाडी आधी भरावी, कुठली मागून, विचारलं. तिनं सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "शिक्षण अर्धं का सोडलंस?"

"तिथं यंत्र दाखवत नव्हते, यंत्राचं चित्र दाखवत होते. कॉलेज घरच्यांनी निवडलं होतं, वर्षं मात्र माझी जात होती. जी दोन शिकले, ती नीट शिकले. कागद पुढ्यात आहे."

बाईंनी कागद पाहिला, तिला पाहिलं. म्हणाल्या, "तुला काही विचारायचंय?"

"उत्तर कधी येईल? त्या दिवशी नाही आलं, तर कुणाला विचारू?"

बाई हसल्या. "इतक्या मुली येतात, हे कुणी विचारत नाही. शुक्रवारी येईल. नाही आलं तर मला विचार."

मग शब्द बदलला. आला 'निवड झाली'. निशिगंधा गप्प राहिली. पेढे आणू दिले नाहीत. शुक्रवार आला, नेमणुकीचा कागद आला नाही. पूर्वीची निशिगंधा देव पाण्यात घालून बसली असती. या निशिगंधेनं फोन लावला. भुसारी बाई म्हणाल्या, "सहीसाठी अडकलं होतं, बरं झालं आठवण केलीस." संध्याकाळी नेमणुकीचा कागद आला. वर तिचं नाव होतं, खाली रुजू व्हायचा दिवस होता, भाऊबीजेनंतरचा सोमवार.

तिनं कागद नानांच्या पुढ्यात ठेवला. "पाडव्याच्या आत आहे. बघा."

नानांनी चष्मा लावला, चष्मा काढला. म्हणाले, "पण त्या साखर कारखान्यावाल्यांना काय सांगायचं? त्यांचा निरोप यायचाय. अजून आपल्याला नाही म्हणाले नाहीत, म्हणजे विचार चालू आहे."

"कुणी विचारलंत त्यांना?"

आत्या म्हणाली, "मुलीकडच्यांनी विचारायचं—"

निशिगंधेनं पुढचं ऐकलं नाही. फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. पलीकडे मुलाची आई होती. निशिगंधा म्हणाली, "नमस्कार मावशी. मी निशिगंधा. माझी पत्रिका तुमच्याकडे आली होती. तिचं काय झालं?"

"अगं बाई! त्याचं तर कोजागिरीलाच ठरलं. तुमच्याकडून कुणी विचारलं नाही, आम्हाला वाटलं तुम्हाला कळलं."

"ठरलं? छान झालं. मुलाला माझ्याकडून आशीर्वाद सांगा."

फोन ठेवला. नाना जमिनीकडे बघत होते, भाऊ नानांकडे बघत होते. बायोआत्याला पहिल्यांदाच काही माहीत नव्हतं. निशिगंधा हसली, आणि असं हसली, की शेजारणी खिडकीत आल्या. मग तिनं पेढे आणले, आणि आधी त्या शेजारणींनाच दिले.

मग नाना म्हणाले, "पोरी, तो वसा आम्हालाही सांग." ती म्हणाली, "उताल, माताल, माझ्यामुळं झालं म्हणून सांगत सुटाल." तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पदराला हात पुसले, ताठ मान केली आणि म्हणाली, "मला रविवारी सुट्टी का नाही?"

भाऊंनी नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, "बघू."

निशिगंधा म्हणाली, "बघू म्हणजे किती तारखेपर्यंत? आई सोमवारी पुन्हा विचारेल."

आणि आईनं विचारलं. रविवार मिळाला.

जशी विचारणीमाता निशिगंधेला पावली, तशी दाराबाहेर वाट बघत बसलेल्या तुम्हां सगळ्यांना पावो. तुमचे शब्द बदलोत, तुमची उत्तरं तारखेला येवोत, आणि न आली तर विचारायला तुमची जीभ न अडखळो. ही अनेक दारांच्या एका उत्तराची कहाणी, विचारणारीच्या तोंडी सुफळ आणि संपूर्ण.