रेडकाचं नाव

"उत्तर येत असताना मूल चुकीचं का सांगतं, बाई?"

दिगंबरने हे विचारलं तेव्हा वत्सलाबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. दिगंबरला मुळाक्षरं त्यांनीच गिरवायला लावली होती, आणि आता त्याच शाळेत पहिलीचा वर्ग त्याच्याकडे होता.

सुगंधा ही वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी. बोटं न मोजता बेरीज सांगायची. पंधरा दिवसांपासून मात्र प्रत्येक उत्तर चूक. शनिवारी केंद्रप्रमुख वर्ग बघायला येणार होते आणि दिगंबर तिलाच पुढे उभं करणार होता. आता तिला मागच्या रांगेत बसवायचं आणि तिच्या बापाला बोलावून घ्यायचं, असं त्याने ठरवलं होतं.

"शेजारी कोण बसतं तिच्या?"

"फुला. कच्ची आहे. पंधरा दिवसांपूर्वीच तिथे बसवलीय."

"तू मारतोस का रे?"

"तीन वर्षांत एकाही मुलाला हात लावलेला नाही, बाई." दिगंबरची मान ताठ झाली.

बाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"उद्या येते."

दुसऱ्या दिवशी बाई वर्गाच्या दाराशी बसल्या. दिगंबरने गणित घातलं. सात आणि पाच किती?

फुलाने अकरा सांगितलं. मग सुगंधाची पाळी. तिने फुलाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं.

"तेरा."

तिसरी पाळी बाजीरावाची. त्याने बारा सांगितलं. दिगंबरने नुसती मान डोलावली. बाजीराव उठला. वर्गाचा नियमच होता, ज्याचं बरोबर त्याने चुकलेल्यांचं नाक डाव्या हाताने धरायचं आणि उजव्याने गालावर एक द्यायची.

फुलाला बसली. सुगंधाने आपलं नाक आपणच पुढे केलं.

बाईंचा हात तोंडाशी गेला.

"बघितलंत?" दिगंबर म्हणाला. "मला खुर्चीवरून उठावंसुद्धा लागत नाही."

बाई उठल्या आणि मुलांच्या मधोमध सतरंजीवर येऊन बसल्या. सुगंधाला त्यांनी सांगितलं, मला येणार नाही असं काहीतरी विचार.

सुगंधाने खूप विचार केला.

"आमच्या रेडकाचं नाव काय?"

पोरं खिदळली. बाईंनी दोन-तीन नावं सांगून पाहिली. सुगंधा प्रत्येक वेळी जोरात मान हलवत होती.

"नाही बाई येत मला," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि नाक पुढे केलं. "चल. तुला येतं ना?"

खिदळणं थांबलं.

दिगंबर खुर्चीवरून अर्धा उठला. "बाई, अहो, हे काय..."

बाईंनी त्याच्याकडे न बघता हाताने थांब म्हणून खूण केली.

सुगंधा जवळ आली. तिचा डावा हात बाईंच्या नाकापर्यंत गेला... आणि तिथेच राहिला.

"मला पण येत नाही," ती म्हणाली.

"खोटं बोलतीया, सर," मागून बाजीराव म्हणाला. "नाव तिनंच ठेवलंय. रोज त्याला हाका मारत फिरती."

"विसरले मी," सुगंधा म्हणाली, आणि परत फुलाशेजारी जाऊन बसली. फुलाने तिच्यासाठी जागा केली.

दिगंबर तसाच अवघडलेला होता. ना बसलेला, ना उठलेला.

"पंधरा दिवस..." तो म्हणाला.

कधी शाळेत आल्या तरी बाई त्याला नावाने हाक मारत नसत. पोरांसमोर नेहमी अहो सर.

त्यांचं नाक अजून पुढेच होतं.

"दिगू, ये. माझ्याशेजारी बस. नाक पुढे कर."