शेवटच्या खोलीतला टीव्ही

“पण सर, सगळे टीव्ही एका वेळी चालू ठेवून बघितलेत मी. सर्व्हरवरचा भार निम्म्यावरसुद्धा जात नाही. आणखी काय हवंय तुम्हाला?”

केतकी उमाळे तावातावानं बोलत होती. का नाही बोलणार? चिखलदऱ्यातल्या या नव्या हॉटेलातली टीव्हीची अख्खी यंत्रणा तिनं एकटीनं उभी केली होती. सगळ्या खोल्यांतले टीव्ही एकाच सर्व्हरवर. सिनेमे तिथूनच, पाहुण्याच्या नावानं स्वागतही तिथूनच. संध्याकाळी पहिले पाहुणे येणार होते. आणि मालकांनी बजावून ठेवलं होतं, देवतळे सर हो म्हणतील तरच हॉटेल उघडेल. ज्यांच्या हाताखाली ती शिकली, तेच सर आता अडून बसले होते.

सर उठले. मेन स्विचपाशी गेले आणि तो खाली पाडला.

“अहो सर!”

सरांनी स्विच वर केला.

सगळे टीव्ही एकदम जागे झाले, एकदम सर्व्हरकडे धावले, आणि सर्व्हरनं मान टाकली. ज्या खोलीत डोकवावं तिथे पडद्यावर नुसतं गरगरणारं चक्र.

केतकीचा चेहरा पडला. डोंगरावरच्या गावात लाइट जाते, हे का तिला ठाऊक नव्हतं? पण तिनं मोजणी केली ती टीव्ही चालू असतानाची. ते जागे होताना काय होतं, हे बघायचं राहूनच गेलं.

“दुप्पट ताकदीचा सर्व्हर मागवते, सर.”

“मागव. आणि आज?”

...

ती खाली मान घालून कामाला बसली. लाइट आल्यावर प्रत्येक टीव्हीला तिनं कमीजास्त वेळ थांबायला लावलं. कुणी आधी, कुणी मागाहून. मग स्वतःच स्विच पाडला आणि वर केला. या वेळी टीव्ही एकामागून एक उजळत गेले. सर्व्हर हूं की चूं करेना.

“जमलं, सर! आता तरी हो म्हणा!”

सर कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत शिरले आणि पलंगावर मांडी घालून बसले. समोरचा टीव्ही अजून काळाच होता.

“ही शेवटची खोली आहे, सर. येईल आता.”

“येऊ दे. मी बसलोय.”

“बाकी सगळ्यांचं झालं की!”

“मग मी कोण? पाहुणा नव्हे?”

बाप्पा, काय हट्टी म्हातारा! असं मनात म्हणतच केतकी त्यांच्या शेजारी टेकली. दोघं काळ्या पडद्याकडे बघत राहिली... बघतच राहिली. शेजारच्या खोलीतल्या टीव्हीवर गाणं लागलं होतं. तिला त्या गाण्याचा राग यायला लागला.

अखेर चित्र आलं. तिला काही आनंद झाला नाही.

तेवढ्यात मालक दारात आले. “काय मॅडम, उघडायचं ना?”

केतकीनं सरांकडे बघितलं नाही.

“नको साहेब. आज नको. इथे फार वाट बघावी लागते.”

देवतळे सर पलंगावरून उतरले. चपला पायांत सरकवल्या.

“उघडा, मालक,” ते म्हणाले. “या खोलीतला पाहुणा आता हिला दिसला. आता उघडा.”