साडेतीन पायऱ्या

"...मग आई म्हणाली तरी काय?" निळूमास्तरांनी विचारलं.

"म्हणाली, घर झकास आहे. पण कुणाचं?"

श्रेणिकनं लॅपटॉप मास्तरांपुढे सरकवला.

त्या एका 'कुणाचं'नं दोन दिवस पोराच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

निळूमास्तर म्हणजे जुने नेपथ्यकार. चाळीस वर्षं त्यांनी नाटकांसाठी घरं उभी केली आणि प्रयोग संपला की स्वतःच्या हातांनी उतरवली. आता मिरजेतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ते कॉम्प्युटरवर गेम बनवणाऱ्या पोरांना घर कसं उभं राहतं ते शिकवत. माऊस अजूनही बिचकत धरत, पण भिंत खोटी वाटते की खरी, हे बघताक्षणी सांगत.

श्रेणिक त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य, आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक. त्यानं गेम बनवायच्या एडिटरमध्ये चाळीस तुकड्यांचा संच केला होता. भिंत, कोपरा, कोनाडा, दार, पायरी. सगळे एकाच मापाच्या चौकटीत बसणारे, म्हणून कुठलाही तुकडा कुठेही जुळायचा. एकदा केला की हजार वेळा लावा. चाळीस तुकड्यांत म्हणाल ते गाव उभं करतो, असं तो सांगत फिरे. एकदा तर मास्तरांच्या तोंडावर म्हणाला होता की तुमचं जन्माचं काम माझ्या संचाला आठवडाभराचं. मास्तर तेव्हा नुसते हसले होते.

आज तो तोरा कुठल्या कुठे गेला होता.

त्याचे वडील आण्णा गवंडी होते. ते गेले, गावातलं घर विकलं, घेणाऱ्यानं ते पाडलं. आईला त्यानं शहरात आपल्याजवळ आणलं आणि वर्षभरात तिचं विसरणं सुरू झालं. दिवेलागणीला ती पिशवी भरून दाराशी येई आणि म्हणे, चल, घरी जाऊ. रोज. समजावून समजावून श्रेणिक थकला. मग त्यानं ते घरच संचातून उभं केलं, आईला पडद्यासमोर बसवलं आणि अंगणातून थेट दारापर्यंत नेलं. तिनं नीट पाहिलं, कौतुक केलं आणि उठून पिशवी शोधायला लागली.

"उद्या ती मलाही विचारेल, कोण रे तू? त्याच्या आत तिला एकदा घरी न्यायचंय, मास्तर. काय राहून गेलं माझ्याकडून?"

मास्तरांनी लॅपटॉपवरचं ते घर बराच वेळ पाहिलं. भिंती सरळ, कोपरे काटकोनात, नाव ठेवायला जागा नाही.

"बंद कर ते. चपला काढ. डोळे मीट... आणि जा तुझ्या घरात."

श्रेणिकला ओशाळल्यासारखं झालं. भर दुपारी, शेडच्या सपाट फरशीवर कसलं घर नि कसलं काय. पण मास्तरांपुढे बोलणार कोण? तो दोन पावलं चालला. मग पाय उचलला. एक पायरी, दुसरी, तिसरी.

आणि मग पाय पुन्हा उचलला गेला... अगदी थोडासा. तिथेच अधांतरी थांबला.

मास्तर कण्हत खाली बसले. त्याच्या तळव्याखाली त्यांनी आपला हात आडवा धरला. चार बोटं बरोबर मावली.

"ही कुठली?"

श्रेणिकनं डोळे उघडले. "ती... अर्धी पायरी."

"मघाशी पडद्यावर नव्हती दिसली."

मग त्यानं सांगितलं. संचातली पायरी एका मापाची, अर्धी त्यात बसत नाही. आणि खरं सांगायचं तर त्याला ती नकोच होती. गवंड्याचं घर आणि साडेतीन पायऱ्या, असं म्हणून सगळी गल्ली दात काढायची. शाळेतली पोरंसुद्धा चिडवायची. ती फोडून टाका म्हणून तो आण्णांच्या किती मागे लागला होता! आण्णा ऐकून घेत आणि कामावर निघून जात. म्हणून घर करताना त्यानं ती खुशीनं गाळली. बापाची चूक सुधारली, असं वाटलं होतं त्याला.

"पहिल्यापासून होती?"

"नाही. मी पाचवीत असताना आण्णांनी उंबऱ्याखाली बसवली."

"त्या साली घरात काय झालं होतं?"

"काही नाही. त्या साली... आई विहिरीवर घसरून पडली होती. गुडघा गेला तिचा. दोन महिने खाटेवर होती. उंबरा चढताना तिला..."

तो फरशीवरच बसला आणि लहान पोरासारखा रडला. वीस वर्षं गल्ली हसली, पोटचा पोरगा हसला, आणि त्या माणसानं एका शब्दानं कुणाला कारण सांगितलं नाही. आता सांगायला तो नव्हता.

मास्तरांनी त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळानं श्रेणिकनं तोंड पुसलं, लॅपटॉप ओढला. संच बाजूला ठेवला, मापाची चौकट बंद केली, आणि चार बोटांची एक पायरी हातानं घडवून उंबऱ्याखाली बसवली. त्या सरळसोट घरात ती विचित्रच दिसत होती. तेव्हाही तशीच दिसायची.

"मास्तर... आता ओळखेल ना ती?"

मास्तरांनी पडद्यावरच्या त्या अर्ध्या पायरीवर बोट टेकवलं.

"नाही ओळखलं, तरी पायरी काढू नकोस."