मथुरामावशीच्या जागेवर

एकदा एका खाडीकाठच्या गावात एक वृद्ध प्रवचनकार राहत असत. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणे. त्यांच्याजवळ एक तरुण शिष्य शिकत होता. पाठांतर पक्के, वाणी गोड, आणि खरे सांगायचे तर स्वारी स्वतःच्या वाणीवर थोडी खूशही होती. त्या दिवशी संध्याकाळी देवळात त्याचे पहिले प्रवचन व्हायचे होते. विषय होता कृतज्ञता. ते नीट पार पडले तर गुरुजी त्याला पुढे गावोगावी एकट्याने पाठवणार होते. फसले तर आहेच पुन्हा वर्षभर सतरंज्या अंथरणे.

सकाळी गुरुजी म्हणाले, "पिशवी घे. बाजारात जाऊन येऊ."

शिष्याला आनंद झाला. अन्न देणाऱ्यांना प्रत्यक्ष वंदन करावे, म्हणजे संध्याकाळी सांगायला एक प्रसंगही होईल, असा त्याने विचार केला. माणूस कृतज्ञ व्हायला निघाला तरी स्वतःची सोय आधी बघतो, काय करणार! बाजारात शिरताच तो मेथीवालीसमोर उभा राहिला, डोळे मिटले, हात जोडले आणि श्लोक म्हणू लागला.

"अहो महाराज, सरका की जरा! मागं गिऱ्हाईक अडलंय," मेथीवाली म्हणाली. आजूबाजूच्या बायका खळखळून हसल्या. शिष्य अगदी कानकोंडा झाला.

गुरुजी मात्र भाजीची रांग ओलांडून, ओल्या मासळीचे ओटे ओलांडून, थेट बाजाराच्या टोकाला गेले. जन्मात कधी मासा न खाल्लेला माणूस! तिथे मथुरामावशी एकटीच जवळ्याची रास मांडून बसली होती. जवळा म्हणजे उन्हात कडक वाळवलेली अगदी बारीक कोळंबी.

"ऊठ मथुरे, जाऊन ये," गुरुजी म्हणाले. "आज हा बसेल."

मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि जवळजवळ पळतच निघाली. शिष्याने नाकाला उपरणे लावले. "गुरुजी, मी? इथे? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, जवळा कसा दिला? तू सांग, बाई येतेय." एवढे बोलून गुरुजी दुधी घ्यायला निघून गेले.

शिष्य अवघडून पाटावर बसला. नुसते बसून राहणे त्याच्या स्वभावात नव्हते. आपल्या हातून काही सेवा घडावी, असे त्याला मनापासून वाटले. त्याने इकडेतिकडे पाहिले. मेथीवाली जुड्यांवर पाणी शिंपडत होती. ओल्या मासळीवाल्याही आपापल्या टोपल्यांवर पाणी मारत होत्या. हीच इथली रीत असावी, असे समजून त्याने मावशीचा तांब्या उचलला आणि जवळ्याच्या राशीवर छान ओंजळ-ओंजळ पाणी शिंपडले.

मावशी परत आली आणि तिने कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, हे काय करून ठेवलंस! सुका माल हा! ओल लागली की वास मारायला लागतो, मग कुत्रं तरी विचारेल का याला?"

तिने रागारागाने उन्हात गोणपाट पसरले आणि वरचा भिजलेला जवळा त्यावर ओढायला सुरुवात केली. नाकावरचे उपरणे कधी गळून पडले तेही शिष्याला कळले नाही. तो दोन्ही हातांनी तिच्याबरोबर जवळा पसरू लागला. खालचा माल कोरडा राहिला होता, एवढेच नशीब.

गुरुजी आले तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "गुरुजी, उपकार फेडायला बसलो आणि गरिबाचे नुकसान करून ठेवले. संध्याकाळी कोणत्या तोंडाने बोलू?"

गुरुजी गोणपाटाशेजारी उकिडवे बसले. "ही बाई पहाटेपासून घोटभर पाणी पीत नाही. का ते ठाऊक आहे? पाणी प्यायले तर जावे लागेल, आणि गेली तर माल कोण बघेल? मुतखड्याने हैराण आहे. डॉक्टर ओरडतात, पाणी पी म्हणून. म्हणून बाजाराच्या दिवशी मी घटकाभर येऊन बसतो. बाबा रे, मेथी असो की मासळी, आपल्या घरात जे शिजते त्यासाठी कुणीतरी असे जागचे न हलता बसलेले असते. त्यांच्यापुढे हात जोडले की बरे आपल्याला वाटते. त्यांना बरे वाटायला हवे असेल, तर घटकाभर त्यांची जागा धरावी लागते. नवखा माणूस त्यात चुकतोही. चुकलास म्हणून उठू मात्र नकोस."

मावशी पाठमोरी होऊन सारे ऐकत होती. तिने तांब्यात उरलेले पाणी तोंडाला लावले आणि शेवटच्या थेंबापर्यंत घटाघटा संपवले. मग पदराने तोंड पुसत ती शिष्याकडे वळली.

"तोंड पाडू नको रे पोरा. ऊन चांगलं आहे, वाळेल तो. बाजारात बसून पोटभर पाणी किती दिवसांनी प्यायले मी! आता घटकाभरात पुन्हा जावं लागणार. बसशील ना?"

शिष्य पुन्हा त्या पाटावर जाऊन बसला.

संध्याकाळचे प्रवचन अगदी लहान झाले. श्लोक एकच आठवला, तोही अर्धा. बाकी सकाळी घडले ते त्याने जसेच्या तसे सांगितले, स्वतःच्या फजितीसकट. गुरुजींनी दुसऱ्याच दिवशी त्याला शेजारच्या गावी एकट्याने पाठवले. बाजाराचा दिवस मात्र त्याने पुढे कुठल्याच गावाला दिला नाही.

आपणही उद्या भाजीला जाल. भाव विचारण्याआधी एवढेच विचारून पाहा: "मावशी, जरा जाऊन यायचंय का? मी बसतो."